दोन पाटे जास्तीचे

"काका, गाडी तीन इंच खाली करायची आहे. ब्लॉक मी मागवून ठेवलेत." असं म्हणत त्या मुलाने ॲल्युमिनियमचे दोन चकाकते ठोकळे माझ्या टेबलावर ठेवले. बाहेर १९७२ ची ॲम्बेसेडर उभी होती, मार्क टू, पुढे चौकड्यांची जाळी. मागच्या सीटवर त्याचे आजोबा. ते काही उतरले नाहीत. काच खाली करून एवढंच म्हणाले, "कापाकापी नको हं. त्याला काय हवंय ते ऐका, पण कापू नका."

बडोद्यात प्रतापनगरला आमचं कमानपाट्याचं, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचं काम आहे, वडिलांपासूनचं. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हे रोजचं. जुनी मोटार अधूनमधून येते, तीही बहुतेक वरातीला भाड्याने देणाऱ्यांची. मात्र जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि त्यानंतर रावपुरा, दांडिया बाजारातल्या वाड्यांमधून ताडपत्रीखालच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. ही त्यातलीच एक.

मुलगा कलाभवनात, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलला. फोनवर त्याने फोटो दाखवले: चाकं मडगार्डच्या आत गेलेली, गाडी रस्त्याला टेकल्यासारखी. दिसायला छान, नाही कसं म्हणू. पण फोटोतली गाडी फोटोत उभी असते. बडोद्यात गाडीला पावसाळ्यातले खड्डे आणि सोसायटीवाल्यांनी रातोरात घातलेले गतिरोधक पार करायचे असतात. गाडी खाली आली की ॲक्सल आणि बंप रबर (शेवटचा धक्का झेलणारं रबर) यांच्यातली जागा तेवढीच कमी होते. मग प्रत्येक धक्का रबरावर, आणि रबर दबलं की थेट बॉडीवर. स्प्रिंगवाल्या गाड्यांचं तर याहून वाईट करतात. गॅसने कॉइल तापवून बसवतात, त्याने पोलादाचं पाणी उतरतं. किंवा वेढा कापतात, त्याने स्प्रिंग आखूड होते आणि वर कडकही होते, कारण लवचीकपणा वेढ्यांतच असतो. ही कामं आम्ही घेत नाही. गिऱ्हाईक दोन दुकानं सोडून पुढे जातं, जाऊ दे.

ॲम्बेसेडरला कॉइल नसते हे त्या मुलाचं नशीब. पुढे टॉर्शन बार, म्हणजे चेसिसच्या लांबीत बसवलेला पोलादी दांडा. चाक वर गेलं की तो पिळला जातो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. मागे पाटे, आणि पाट्यांवर ॲक्सल. त्यामुळे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा घातला की मागची बाजू ठोकळ्याच्या जाडीएवढी खाली बसते. हिशोब त्याने बरोबर केला होता.

मी मात्र गाडीकडे लांबून बघत होतो. ती खाली करण्याआधीच काहीतरी चुकलेलं दिसत होतं. शेपूट वर, नाक खाली. आत चौघं बसल्यावर सपाट होईल म्हणावं, तर तेवढ्याने होणारी उंची नव्हती ही.

टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं, जमिनीपासून नाही, नाहीतर टायरच्या हवेने फसायला होतं. मागे दोन्ही बाजू सारख्या, पण उंच. पुढे डावी आणि उजवी यांत जवळजवळ पाऊण इंचाचा फरक. मागून जॅक लावला, घोडीवर घेतली. माझा कारागीर बॅटरी घेऊन खाली सरकला आणि लगेच त्याचा आवाज आला, "शेठ, आ बे पाटा तो ट्रकना छे!"

खरंच होतं, दोन पाटे ट्रकचे होते. कंपनीच्या पाट्यांची टोकं घडवलेली असतात, पट्टीची जाडी एकसारखी. या दोन पट्ट्यांची टोकं गॅसने कापलेली, जाडी जास्त, आणि रुंदीला त्या किंचित बाहेर डोकावत होत्या. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही लांब घातलेले. कोणीतरी फार पूर्वी, आणि कामाला वाईट नाही असं, पाटे वाढवले होते.

मी बाहेर येऊन आजोबांना विचारलं. आता ते उतरले. "अहो, आमचा छापखाना होता ना रावपुऱ्यात. टेम्पो परवडायचा नाही. कागदाची रिमं याच गाडीतून यायची, डिकीत आणि मागची सीट काढून तिथे पण. पाटा बसायला लागला तेव्हा वाढवून घेतला." छापखाना कधीचाच बंद. रिमं गेली, पाटे राहिले.

पुढचंही कोडं मग सुटलं. मागचं उचललं म्हणून कोणीतरी पुढचे टॉर्शन बारही पिळून थोडे वर घेतले होते, उजवा जास्त, डावा कमी. म्हणजे हा पोरगा जी गाडी तीन इंच खाली करायला निघाला होता, ती तिच्या मूळ उंचीवर नव्हतीच. मी त्याला म्हटलं, "ठोकळे राहू दे बाजूला. आधी हिला तिच्या जागेवर आणू, मग बोलू." त्याचं तोंड जरा पडलं. पण डोकं इंजिनीअरचं, गाडीखाली यायला तयार झाला.

पाटे सोडले. खरं तर एवढ्यावरच काम संपवता आलं असतं, दोन पट्ट्या काढायच्या आणि बांधायचे. पण इतकी वर्षं जास्तीच्या पट्ट्यांच्या आधारावर बसलेला मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब पट्टी, आता त्यांच्याशिवाय भार घेणार, तेव्हा तो बघायलाच हवा. आमची जुनी रीत आहे: पाटा घासून साफ करायचा, रॉकेलमध्ये ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. मुलगा म्हणाला, "आम्हाला हेच डाय पेनेट्रंट टेस्ट म्हणून शिकवतात." उजव्या बाजूच्या मेन पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकाजवळ रेघ उमटली. केसाएवढी. नवा मेन पाटा करून घेतला, त्याची कमान दुसऱ्या बाजूशी जुळवून थंडच ठोकून बसवली. पट्ट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस, पाट्यांच्या टोकांना नवे रबरी बुश, नव्या मापाचे यू-बोल्ट.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण हे चुकीचं केलेलं मी फार बघतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्यायचं, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. नवीन बुश घातल्यावर गाडी उंच झाली म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं.

पुढचं काम सावकाशीचं. टॉर्शन बार ताणात असतो. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जॅक देऊन पीळ उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि त्याला पाइप पाना तर मुळीच नाही, कारण ओरखडा पडला की उद्या तडा तिथूनच जाणार. दातेरी टोक सोडून बार मागे घेतला, बसवला, गाडी खाली ठेवली, हलवली, मोजली, पुन्हा सोडला. दोन्ही बाजू जुळेपर्यंत हेच. पुढचे शॉकअप या गाडीत लीव्हरचे असतात आणि त्यांचा हातच वरच्या आर्मचं काम करतो. दोन्हींतलं तेल संपलेलं होतं, ते भरलं.

गाडी जमिनीवर आली तेव्हा मागून ती दोन इंचांहून थोडी जास्तच खाली होती. एकही भाग कापला नव्हता, एकही ठोकळा घातला नव्हता.

चक्कर मारायला मकरपुऱ्याच्या रस्त्याने गेलो, मुलगा चालवत होता. शेपूट वर असली की पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. आता ते येत होतं. त्याने ते हात सैल सोडून दोनदा तपासलं. आजोबा मागून म्हणाले, "घेतली तेव्हा अशीच चालायची," आणि लगेच, "हात ठेव स्टिअरिंगवर."

परत आल्यावर दोघांची जुंपली. आजोबांना गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून दहा वर्षांसाठी नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण मग ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नातवाला ती कॉलेजात न्यायची आहे. मी त्यात पडलो नाही. तीन इंच खाली केलेल्या गाडीला मूळ स्वरूपातली म्हणणं कठीण, एवढंच सांगितलं.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला आणा असं सांगितलं होतं, त्याप्रमाणे आणली. व्हिंटेजची नोंदणी अजून झाली नव्हती. बोल्ट थोडे फिरले, पाटे जरा आणखी बसले होते, हेडलाइट पुन्हा जुळवून दिले. जाताना मुलाने हळूच विचारलं, "काका, अजून एक इंच?" मी त्याचे ठोकळे ड्रॉवरमधून काढून त्याच्या हातात दिले आणि बिल आजोबांच्या नावाने फाडलं.