इलेक्ट्रिक चेनसॉ घेतलाय? मग प्लगपाशी कोण उभं राहणार ते आधी ठरवा

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पूर्वी झाड कापायचं म्हटलं की पेट्रोल मशीनवाल्याला फोन, तो सवडीनं येणार, पैशाची घासाघीस होणार, दोनदा चहा, आणि मग अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज. आता इलेक्ट्रिक चेनसॉ, म्हणजे दातेरी चेन फिरवून लाकूड कापणारं विजेचं मशीन, ऑनलाइन मागवलं की खोका दारात. खोक्यावर लिहिलेलं असतंय १६ इंची पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती), २००० वॉटच्या आसपास मोटर, आणि किंमत चांगल्या पेट्रोल मशीनपेक्षा बरीच खाली. वळवानं आंब्याची फांदी मोडली, फणस कौलावर आला, पावसाळ्याच्या आधी जळण फोडून पडवीत रचायचंय, अशी कामं असतातच, त्यामुळं लोक घेतात आणि त्याच दिवशी सुरू करतात. माझी तक्रार घेण्याबद्दल नाही. काम झकास करतंय ते. धास्ती एवढीच की हे मशीन माणसाला घाबरवतच नाही.

पेट्रोलचं कसं, दोरी ओढा, धूर, दणका, हाताला झिणझिण्या, त्यामुळं बघणारी माणसं आपोआप लांब सरकतात आणि पोरं पण जवळ येत नाहीत. इलेक्ट्रिकला प्लग लावला, बटण दाबलं, झालं. आमच्या शेजारच्या काकू तर बघून म्हणाल्या, "मिक्सरसारखंच आहे की ओ हे." चेन मात्र तीच, दात तेच, सेकंदाला १० मीटरच्या वर पळणारी. उलट इंजिनला वेग पकडायला जरा तरी वेळ लागतोय, मोटर बटण दाबल्याबरोबर पूर्ण जोरात असते.

आणि या जोरामुळंच एक गोष्ट होते जी विकणारा सांगत नाही. चेनसॉसाठी मांडीवर घालायचे चॅप्स मिळतात, त्यात लांब लांब धागे भरलेले असतात, चेन कापडात घुसली की हे धागे बाहेर ओढले जाऊन स्प्रॉकेटात, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि मशीन जाम होतंय. पेट्रोलवर हे बऱ्यापैकी चालतं. इलेक्ट्रिक मोटरला कमी वेगातही ओढ भरपूर असल्यामुळं ती धाग्यांसकट पुढं रेटू शकते, म्हणून बरेच चॅप्सवाले इलेक्ट्रिक मशीनची हमी देत नाहीत. म्हणजे घालू नका असं नाही, घाला, पण मांडी वाचेल या भरवशावर मशीन पायाजवळ आणू नका. आपल्याकडं तर चॅप्स लांबच, लुंगी वर खोचून, पायात स्लीपर आणि गळ्यात टॉवेल अशा अवतारात लोक कापत असतात. टॉवेल तेवढा तरी काढून ठेवा हो. जाड पँट, पुढं कडक टोपी असलेले बूट, डोळ्याला जाळी नाहीतर चष्मा, कानाला आवाज अडवणारे मफ, एवढं बेळगावात सहज मिळतंय.

आता वायर. पेट्रोलवाल्याला नसलेला हा आपला स्वतंत्र त्रास.

२००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. घरातला साधा टीव्ही-मोबाइलचा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. तिथं हे मशीन लावायचंच नाही, गीझरचा असतो तसला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. एक्स्टेन्शन पण गणपतीच्या मंडपात माळा जोडायची पातळ वायर चालत नाही. परसापर्यंत ३० मीटर न्यायची असेल तर तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम घ्या, महाग वाटते, पण पातळ वायरीत व्होल्टेज वाटेतच खाली येतंय, त्यात आमच्याकडं संध्याकाळी ते आधीच पडलेलं असतंय, मग मशीन ओढेना म्हणून माणूस अजून दाबतो, मोटर गरम, वायर गरम, आणि शेवटी जळका वास. गुंडाळी असलेला बोर्ड असेल तर वायर पूर्ण उलगडायची, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतल्या आत प्लास्टिक वितळतंय.

शेतात तर अजून भारी प्रकार बघितलेत. घर लांब म्हणून पंपाच्या पेटीतून कनेक्शन. पंपाची लाइन थ्री फेज, दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर, मशीन २३० चं. मग काही शहाणे एक फेज घेतात आणि दुसरी वायर जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळीला. मशीन चालतं सुद्धा! पण त्या सळीच्या भोवतीची ओली माती, पंपाचा पत्रा, सगळ्यात करंट उतरू शकतो आणि जवळून जाणाऱ्या म्हशीला नाहीतर माणसाला त्याची काही कल्पना नसते. शेतात कापायचंय तर बॅटरीचं मशीन घ्या नाहीतर पेट्रोलवाल्याला बोलवा, पण हे नको.

एमसीबी आहे की घरात, असं सगळे म्हणतात. एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तरच पडते. माणसाच्या अंगातून जीव जाण्याइतका करंट गेला तरी तिला तो लोडच वाटत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळतोय हे ओळखून लाइन तोडणारा स्विच, लागते, जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात, तीच मागा. बसवल्यावर तिच्यावरचं टेस्ट बटण मधून मधून दाबून बघायचं, पडली पाहिजे. मशीनला दोन पिनचाच प्लग असतो, अर्थिंगची पिन नसते, ती कंपनीची चूक नाही, आत डबल इन्शुलेशन असतंय, चौकोनात चौकोन अशी खूण असते बघा. पण चेननं स्वतःचीच वायर कापली तर ते डबल इन्शुलेशन काय करणार?

आणि वायर कापली जाते. कापणाऱ्याचं लक्ष फांदीकडं, कानाला मफ, मागं वायर कुठं आली ते त्याला दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हे एका माणसाचं कामच नाही. दुसरा माणूस प्लगपाशी पाहिजे. त्यानं लाकूड धरायचं नाही, फांद्या ओढायच्या नाहीत, मोबाइल बघायचा नाही. कापणाऱ्या माणसाच्या मागं वायर राहील असं बघायचं, कुत्रं-पोरं कोण आत आलं तर प्लग काढायचा. ओरडून उपयोग नाही, मराठीत ओरडा नाहीतर कन्नडमध्ये, मफच्या आत काहीच पोचत नाही. आणि शॉक बसला तर धावत जाऊन माणसाला हात लावायचा नाही, पहिलं प्लग. आमच्या गावात या कामाला कोण उभं राहायला तयार होत नाही, कारण त्यात काही करायला नसतं असं वाटतं, सगळ्यांना मशीन धरायचं असतंय.

लाइट जाणं हे तर आपलं रोजचंच. कापता कापता लाइट गेली की बटणावरचं बोट सोडा, प्लग काढा, मग चहा प्या. बोट दुखतं म्हणून बटणाला टेप नाहीतर सुतळी गुंडाळणारे लोक आहेत, लाइट गेल्यावर मशीन तसंच ओंडक्यावर ठेवतात, आणि लाइट आली की ते आपलं आपण सुरू! आमच्या एका मामांना मी म्हटलं, "मामा, चेन घट्ट करायच्या आधी प्लग काढा." तर म्हणे, "अरे बटण बंदच आहे की." बटण बंद असणं आणि प्लग हातात असणं यात फरक आहे, चेनला हात लावायचा तर प्लग डोळ्यासमोर पाहिजे.

बरं, आता खरं कापणं. किकबॅक हा शब्द बुकलेटमध्ये पहिल्याच पानावर असतो आणि कोणी वाचत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग, म्हणजे गोलाईचा वरचा पाव हिस्सा, तो कुठं टेकला, दुसऱ्या फांदीला, ढिगातल्या खालच्या लाकडाला, तर तिथले दात लाकडात खोल घुसायला बघतात, घुसता येत नाही, आणि सगळा जोर पट्टीला वर आणि मागं, म्हणजे थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडं फेकतो. पापणी लवायच्या आत होतंय, सावरू म्हणायला वेळच नसतो. म्हणून तयारी आधीची. डावा हात पुढच्या हँडलवर, अंगठा खालून पूर्ण वळवलेला, अंगठा नुसता वर ठेवला तर झटक्याला हात सुटतो. उजवा हात मागं. डावखुऱ्यानं पण असंच धरायचं, मशीन तसंच बनवलेलं असतंय. डोकं आणि खांदा पट्टीच्या रेषेत नको, जरा डावीकडं उभं राहायचं. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर तर नाहीच नाही. पुढच्या हँडलच्या समोर जो उभा प्लास्टिकचा गार्ड असतो तो हाताला लागू नये म्हणून आहे असं लोकांना वाटतं, तो चेन ब्रेक आहे. रोज काम सुरू करताना मशीन चालू करून तो मनगटानं पुढं ढकलायचा, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी कुऱ्हाड.

इथंच एक सांगतो, लोखंड कापायच्या हातातल्या ग्राइंडरला लावायचं चेनसॉ अटॅचमेंट म्हणून जे स्वस्तात मिळतंय ते कृपा करून घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजाराच्या आसपास फेरे मारतो, त्याला ब्रेक नाही, मागचं हँडल नाही, आणि बटण सरकवलं की अडकून राहतंय, हातातून सुटलं तरी चालूच. ते चेनसॉ नाहीच.

जळण कापताना मशीन अडकतं त्याची पण गंमत आहे. ओंडका दोन्ही बाजूला टेकलेला असेल आणि मधे पोकळी असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून सरळ कापत गेलं की काप मिटतो आणि पट्टी धरून ठेवतो. त्यामुळं वरून एक तृतीयांश, मग उरलेलं खालून. एकच टोक टेकलं असेल, दुसरं हवेत, तर बरोबर उलटं, आधी थोडं खालून आणि मग वरून. खालून कापताना चेन मशीनला आपल्याकडं ढकलते, वरून कापताना पुढं ओढते, हे एकदा हाताला कळलं की निम्मी भीती जाते. अडकलंच तर झटके मारून ओढू नका, प्लग काढा, पाचर ठोका. वादळात पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या फांद्यांत लई ताण असतो, त्या कापल्या की झटक्यानं येतात, तिथं नवख्यानं जायचंच नाही.

उभं झाड पाडणं मी या मशीनचं काम धरतच नाही. झाड पडायला लागलं की मागं तिरकं पळावं लागतं, आणि पायात वायर असताना पळणार कसं? त्याला पेट्रोलवाला अनुभवी माणूसच बोलवा. आणि परवानगीचं बघा आधी. आपल्याकडं कर्नाटकाचा १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा, बांधापलीकडं चंदगडात महाराष्ट्राचा १९६४ चा झाडतोडीचा कायदा, झाड आपल्या परसातलं असलं तरी. कुठल्या झाडाला सूट आहे ते फॉरेस्ट ऑफिसात विचारून घ्या, पाव्हण्यांनी सांगितलंय यावर जाऊ नका. विजेच्या तारेजवळची फांदी तर लाइनमननं लाइन बंद केल्याशिवाय अजिबात नाही.

मृग लागला की मशीन आत. आमच्याकडं पाऊस सुरू झाला की महिनोन्महिने वाळायचं नाव नसतं, आणि ओल्या गवतात वायर ओढत कापायला हे मशीन नाहीच. त्याआधी होळीपासूनचे दिवस भरपूर असतात.

देखभाल फार नाही. इलेक्ट्रिक असलं तरी चेनला ऑइल लागतंय, टाकीत भरायचं, आणि कापायच्या आधी पुठ्ठ्यासमोर मशीन फिरवून बघायचं, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचं जळकं ऑइल घालू नका, त्यातल्या लोखंडाच्या किसानं मशीनचा ऑइल पंप झिजतो. चेन गार असताना ताणायची, खालून लोंबायला नको आणि हातमोजा घालून हातानं फिरली पाहिजे, काम झाल्यावर जरा सैल करायची कारण गार झाली की ती आखडते. फणस कापला की चिकानं सगळं माखतंय, चेन काढून डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासा.

धार मात्र नीट बघा. लाकडाचे कपचे पडायच्या ऐवजी बारीक भुगा पडायला लागला आणि मशीन दाबावं लागलं की धार गेली. अशा चेननं रेटायचं म्हणजे तोल जायची वाट बघायची. १६ इंचीला बहुतेक वेळा ३/८ लो प्रोफाइल मापाची चेन असते आणि तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, तरी चेनवरचा नंबर फोटो काढून दुकानात दाखवा. आतून बाहेर घासायचं, सगळ्या दातांना सारखेच हात. बाहेरून धार लावून घेणार असाल तर त्या माणसाला स्पष्ट सांगा की प्रत्येक दातापुढचा जो बुटका खुंट असतो तो जास्त घासू नको. काही जण "जोरात कापेल बघा" म्हणून तो खाली नेतात, जोरात कापतंय खरं, पण दात लागेल तेवढा खोल घुसतो आणि किकबॅक तिथूनच वाढतो.