हलायचं नाही आणि कुडकुडायचंही नाही

पुण्यात पारा दहावर उतरला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते आणि आमची सोसायटी माकडटोप्या घालून फिरायला निघते. चालणाऱ्याला ही थंडी मजेची वाटते. त्याच दहा अंशांत मोरगाव-सुप्याकडच्या उघड्या माळावर पहाटे जाऊन, बांधाला टेकून, दोन तास न हलता बसलं की ती वेगळीच निघते. लांडगा बघायचा तर बसण्याशिवाय इलाज नाही. तो आपल्याला आधी बघतो, आणि हललेलं तर हमखास बघतो.

संक्रांतीच्या आधी भाचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून आला होता. तिकडे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा मोसम असतो. हा स्वतः बंदुकीला हात लावत नाही, पण ऑफिसातल्या लोकांबरोबर शून्याखाली झाडावरच्या मचाणावर बसून आलाय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि लांडगा तर त्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातला. बसण्याची विद्या मात्र तीच. म्हटलं, चल, इथे बसून दाखव.

चारच्या आत निघालो. हडपसर, दिवे घाट, सासवड. सासवडला टपरीवर चहा घेतला, तोही अर्धाच. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं आणि मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय. त्यामुळे लघवीला वारंवार लागते. उघड्या माळावर पुरुषांचं एक वेळ भागतं, बायकांचं काय, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बसायच्या तासभर आधी पिणं थांबवायचं. थर्मास परतीसाठी.

जेजुरी मागे पडली, मोरगाव ओलांडलं आणि डांबरी सोडली. इथून मयूरेश्वर अभयारण्य जवळच आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी नाव असलेलं. पण लांडगे काही कुंपण वाचत नाहीत, ते आसपासच्या पडीक रानांत जास्त फिरतात. आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्यांच्याच पडीक तुकड्यावर बसणार होतो. नेमकी जागा सांगणार नाही, उद्या तिथे दहा गाड्या उभ्या राहायला नकोत.

शेतात एका मेंढपाळ मामांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, होता. बरेच वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, हा मागे राहिलेला. खतासाठी मेंढरं रानात बसवली होती आणि मामा रात्रभर राखणीला जागे. आमच्याबरोबर यायला ते आपणहून निघाले. भाच्याने गाडीतून उतरल्या उतरल्या जाकीट काढून पिशवीत कोंबलं आणि नुसत्या टी-शर्टवर चालायला लागला. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, पोराला थंडी वाजंल की ओ."

"वाजू दे मामा," भाचा म्हणाला, "घाम नको यायला."

मला ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही, कारण हिशेब साधा आहे. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. झपाझप चालताना तीच तिपटीच्या घरात जाते. सगळे कपडे अंगावर घालून चाललात की सुती बनियन घामाने भिजतो, आणि मग दोन तास तो ओला बनियन अंगावरच वाळवायचा. सुती कापड भिजलं की ऊब सोडतं. लोकर तसं करत नाही, ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पिऊनही ओली लागत नाही. म्हणून चालताना थोडं गारठायचं, पोचल्यावर पाच मिनिटं उभं राहायचं, बनियन बदलायचा आणि मग सगळं चढवायचं.

बसायला जागा मामांनी दाखवली, ओढ्याच्या घळीत नाही, वरच्या बांधाला. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, तिच्यालगतची हवा गार होते आणि जड होऊन खोलगटात उतरते. घळ आणि बांध यांत उंचीचा फरक पुरुषभर, पण गालाला कळतो. वारा समोरून येत होता, म्हणजे आमचा वास मागे जाणार.

सगळ्यात महत्त्वाचं बुडाखाली. लोक जाकिटावर हजारो रुपये घालतात आणि थेट मातीवर बसतात. बसल्यावर अंगाच्या भाराने कपडा दबतो, त्यातली हवा जाते आणि जमीन सरळ ऊब ओढून घेते. आम्ही दोन गोणपाटांच्या मधे शेतकऱ्याच्या गंजीतला कडबा पसरला आणि वर फोमची चटई टाकली. पायांखालीही तेच. पायांच्या बाबतीत बहुतेक सगळे मोज्यांवर मोजे चढवतात. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही, आणि रक्त फिरलं नाही तर लोकरही काय करणार? एकच जाड मोजा, एक नंबर मोठा बूट.

उजाडायच्या बेतात माझी बोटं बधिर झाली. मी पाय आपटायच्या आधीच भाचा कुजबुजला, "मावशी, हलू नकोस. मांड्या आवळ, दहापर्यंत मोज, सोड. मग पोटऱ्या." बाहेरून काही दिसत नाही आणि स्नायू आतून तापतात. अजून एक युक्ती मचाणवाल्यांची, ब्रँडीचा घोट, ती मात्र त्याने स्वतःच मोडीत काढली. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम वाटतं आणि ऊब उडून जाते. खिशात गूळ-शेंगदाणे होते, ते पुरले.

सात वाजून गेल्यावर सूर्य आला आणि थंडी वाढली. हे दरवेळी होतं. कोवळ्या उन्हाची भर जमिनीची तूट भरून काढेपर्यंत पारा खालीच जातो. नेमकं तेव्हाच लोक उठून गाडीकडे जातात. गवतातून भोवत्या, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी, एकेक करून उठले आणि माळावर खालून तरंगत गेले. मग घळीतून दोन लांडगे वर आले. शंभरेक मीटरवर. मागचा थांबला, अंग झाडलं, तोंडातून वाफ आली.

भाच्याने दुर्बीण उचलली आणि त्याच्या महागड्या जाकिटाची बाही सर्रकन वाजली. दोघांचेही कान आमच्याकडे वळले. मामा तोवर घोंगडीची खोळ सारून अख्खे वळून बसले होते, आवाज शून्य. लांडगे पळाले नाहीत, पण वाट बदलून बाभळींमागे गेले.

परतताना भाच्याने घोंगडी हातात घेतली. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली, वारा सहज आत येत नाही. मी तिची आरती करणार नाही. ती टोचते, जड आहे, आणि भिजली की मेंढरासारखीच वास मारते. पण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एकच पांघरूण, चेन नाही, वेल्क्रोची चर्र नाही, हात आत घेतले की पोटाशी गरम. भाच्याने किंमत विचारली.

"ही न्हाई द्यायची," मामा म्हणाले. "जेजुरीला बघा. पर आधी लोकर हाय का धागा, ते जाळून बघा."

जेजुरीत थांबलो. दुकानदाराने कडेची लव काडीवर धरली, केस जळल्याचा वास आला, म्हणजे लोकरच, सौदा झाला. घरी पोचल्यावर बहीण नाक दाबून म्हणाली, "हे बॅगेत माझ्या चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवणार आहेस?" आणि घोंगडी दोन दिवस गच्चीत उन्हात टाकली.