घरपट्टी, कचरा आणि आप्पांची तार

२०२५ च्या पाडव्याला सकाळी इथे इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या आमच्या घराच्या खिडकीत गुढी उभारली आणि खाली बघितलं तर फुटपाथवर काळ्या पिशव्यांचा ढीग. एक पिशवी रात्रीतून कोल्ह्याने नाहीतर उंदरांनी फाडलेली, त्यातून टी-बॅग्ज, पिझ्झ्याचे खोके, लहान मुलांचे डायपर असं सगळं बाहेर आलेलं. फोटो काढताना मी मोबाइल मुद्दाम वर धरला, खालचं काही येऊ नये म्हणून, नुसती गुढी आणि आभाळ आलं, तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, मेजर इन्सिडंट जाहीर केला. म्हणजे पूर वगैरे आल्यावर करतात ना, तसं. कचरा उचलणाऱ्यांचा बेमुदत संप ११ मार्चपासून सुरू होता आणि १७ हजार टन कचरा रस्त्यावर पडून आहे असं कौन्सिलनेच सांगितलं. मग काय, बातमी जगभर गेली, आमच्या घरच्या टीव्हीवर पण गेली, आणि संध्याकाळी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन.

"काय वं माय, तुमनं गावबी आमनासारखं व्हई गयं का?"

आप्पांना वाईट वाटलं होतं, पण आवाजात थोडा आनंद पण होता, तो मला कळला. दहा वर्षं मी सांगत आलेय ना, इथे असं असतं, इथे तसं असतं. मला राग आला. मी लगेच कौन्सिलची बाजू घेऊन बोलायला लागले, की आप्पा, हे एक संपाचं प्रकरण आहे, एरवी असं नसतं, इथे प्रत्येक घराला चाकाचे वेगवेगळे डबे असतात, ठरलेल्या वारी गाडी येते. ते नुसतं "हां, हां" करत राहिले.

आणि त्याच आठवड्यात कामावर लंच रूममध्ये कचऱ्याचाच विषय निघाला. सगळे वैतागलेले, कुणी सांगत होतं की कौन्सिलची गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहते आणि लोक पहाटेपासून पिशव्या घेऊन रांगेत थांबतात, आणि एक बाई, चांगल्या स्वभावाची आहे, वाईट हेतू नव्हता तिचा, माझ्याकडे वळून म्हणाली की तुला तर याची सवय असेल, तुमच्याकडे असंच असतं ना.

मला घास गिळता येईना. मी म्हटलं, माझं माहेर खान्देशातलं तालुक्याचं गाव आहे, तिथे रोज सकाळी घंटागाडी येते, रोज, तुमच्यासारखी आठवड्यातून नाही, आणि माझी आई ओला-सुका वेगळा करून देते. खरं आहे ते. पण घंटागाडी तो कचरा नेऊन कुठे टाकते, गावाबाहेरच्या रस्त्याला उन्हाळ्यात धूर कसला असतो, ते मी सांगितलं नाही. का सांगू? आप्पांपुढे बर्मिंगहॅमची वकिली केली, तिथे गावाची केली, आणि रात्री झोप येईना, की आपण नेमकं कुणाच्या बाजूने आहोत.

त्याच महिन्यात नवं कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल आलं. कचरा दारात आणि बिल साडेसात टक्के वाढीव. ७.४९ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी ९.९९ टक्के वाढलं होतं. त्या वर्षी आम्हाला दहा हप्त्यांत महिना पावणेदोनशे पौंडांच्या आसपास पडलं, भाडं वेगळं, लाइट-गॅस वेगळं. आमचे हे म्हणाले, आता ओरडून काय, डायरेक्ट डेबिट आहे, जाणारच. ते खरंच आहे, इथे एक हप्ता चुकला की रिमाइंडर, मग सगळी रक्कम एकदम मागतात, मग कोर्टाचं समन्स. कुणाची ओळख चालत नाही.

पण मी ते बिल नीट वाचलं. आजवर कधी वाचलं नव्हतं. एका पानावर कौन्सिलचे इतके, म्हाताऱ्या आणि अपंग लोकांच्या देखभालीचे इतके, पोलिसांचे इतके, अग्निशमनचे इतके, आणि प्रत्येकापुढे गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ. घराची किंमत कोणती धरलीय, तर १ एप्रिल १९९१ ची! आज घर कितीला का जाईना, १९९१ साली ते कितीचं असतं त्यावर ए ते एच असा बँड. आपल्याकडे असं असतं तर आपण केवढे हसलो असतो, मागासलेपणा म्हणालो असतो.

हे शहर २०२३ च्या सप्टेंबरात बुडालं. म्हणजे ५ सप्टेंबरला सेक्शन ११४ ची नोटीस काढली, की आता कायद्याने जे करणं भागच आहे तेवढंच करू, बाकी सगळा खर्च बंद. साडेअकरा लाख लोकवस्तीचं शहर. कारणं बरीच सांगतात, एक म्हणजे कॉम्प्युटरची नवी सिस्टिम, १.९ कोटी पौंडात होणार होती ती १० कोटींच्या पुढे गेली. पण मला जे लागलं ते दुसरं कारण. कौन्सिलमध्ये स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं बोनस नव्हता, आणि त्याच ग्रेडच्या कचरा उचलणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना होता. बायका कोर्टात गेल्या. २०१२ ला सुप्रीम कोर्टात जिंकल्या. तेव्हापासून कौन्सिलने १०० कोटी पौंडांच्या वर दिलेत, आणि २०२३ ला अजून ६५ ते ७६ कोटी देणं निघेल असा अंदाज आला, त्यातच कंबर मोडली. ह्या संपाचं मूळही त्यात आहे, कारण कचरागाडीवरची एक पोस्ट कौन्सिलने काढून टाकली, ती ठेवली तर पुन्हा समान वेतनाचे दावे येतील म्हणून, आणि त्या पोस्टवरच्या लोकांचा पगार कमी होणार म्हणून युनियन उठली.

लोक शिव्या घालतात, बायकांमुळे शहर बुडालं असं पण ऐकलंय. मला ते पटत नाही. त्यांचा घामाचा पैसा होता, तो आधीच दिला असता तर एवढा साचला नसता. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा चेहरा माझ्यासमोर येतो.

आता आप्पांच्या तारेबद्दल. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ओसरीत खुंटीला त्यांची एक लोखंडी तार टांगलेली आहे, खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि तिच्यात घरपट्टीच्या पावत्या टोचलेल्या, घर बांधलं तेव्हापासूनच्या सगळ्या. खालच्या पिवळ्या पडून तुकडे होणाऱ्या, मधल्या गुलाबी कार्बनच्या, वरच्या कॉम्प्युटरच्या. एकही वर्ष चुकलेलं नाही. एप्रिलमध्ये बिल हातात पडलं की दोन दिवसांत आप्पा टोपी घालून नगरपालिकेत. आमच्या ओळीतल्याच एका घराने, नाव घेत नाही, अकरा वर्षं एक रुपया भरला नाही, महिन्याला २ टक्के शास्ती चढत गेली, चढत गेली, आणि मग अभय योजना आली, शास्ती माफ. वर त्या माणसाचा सत्कार केल्यासारखा फोटो, थकबाकी भरली म्हणून. आप्पांचा फोटो कधी कुणी काढला नाही.

ह्या गोष्टीचा मला इतका संताप येतो की काय सांगू. जो वेळेवर भरतो तो मूर्ख ठरतो. सरकार कुठलंही असू द्या, पक्ष कुठलाही, निवडणूक जवळ आली की माफी. गरिबाला सूट द्या ना, आधी द्या, नावानिशी द्या, इथे कमी पगारवाल्यांना कौन्सिल टॅक्समध्ये सवलत असते, एकटं राहणाऱ्याला २५ टक्के कमी, फक्त विद्यार्थीच राहत असतील तर माफच. पण ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्याने अकरा वर्षं थांबून दाखवलं म्हणून माफी, हा कुठला न्याय? मी आप्पांना कितीदा म्हटलं की तुम्ही पण थांबा. ते म्हणतात, मास्तरने थकबाकी ठेवायची नसते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोन केला तेव्हा तिकडे ऊन आग ओकत होतं, आई म्हणाली गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्यात, कडुलिंबाला झोके बांधलेत. मला भरून आलं, म्हणून विषय बदलायला मी म्हटलं, आप्पा, ह्या वर्षीचं घरपट्टीचं बिल वाचून दाखवा. त्यांनी तार काढली, चष्मा लावला, आणि मोबाइल कागदाच्या इतका जवळ धरला की मला नुसती अक्षरं दिसत होती. मालमत्ता कर. पाणीपट्टी. वृक्ष कर. अग्निशमन. शिक्षण कर. आणि खाली, घराखालचा गाळा भाड्याने दिलाय त्याच्यापुढे, रोजगार हमी कर.

म्हणजे आपल्या बिलावर पण सगळं लिहिलेलं असतं! मी इथल्या कागदाचं एवढं कौतुक करत होते आणि आमच्या ओसरीत तसाच कागद वर्षानुवर्षं तारेला लटकत होता, आमच्यापैकी कुणी वाचला नाही.

आणि रोजगार हमी, बघा ना. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, माझी आजी गेली होती, त्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ह्यांची ती कल्पना, आणि तिला पैसा कुठून, तर शहरातल्या दुकान-कारखान्यांच्या करातून आणि नोकरदारांच्या पगारातून. १९७५ पासून आपल्या पगारातून व्यवसाय कर कापतात ना, तो त्यासाठीच आणला होता. आप्पांच्या प्रत्येक पगारपत्रकात होता. म्हणजे गाळ्यातला दुकानदार आणि शाळेतला मास्तर मिळून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देणार. २००५ ला देशाने तोच कायदा केला. माझ्या बर्मिंगहॅमच्या बिलावर दुसऱ्या गावातल्या उपाशी माणसासाठी एकही ओळ नाही. हे मी लंच रूममधल्या त्या बाईला सांगायला हवं होतं, घंटागाडीऐवजी.

पण मग वृक्ष कर. आप्पा आजवर किती वेळा भरत आलेत तो. आमच्या रस्त्यावर पालिकेचं एक झाड नाही. जो कडुलिंब आहे तो आजोबांनी लावलेला.

इथे २०१४ चा एक कायदा आहे, दरवर्षी ३० कामाचे दिवस कौन्सिलचे हिशोब लोकांना उघडे ठेवावे लागतात, बिलं, व्हाउचर, करार, जाऊन बघायचे, आणि मतदार असेल तर ऑडिटरला प्रश्न विचारता येतो. आणि ५०० पौंडांच्या वरचा प्रत्येक खर्च वेबसाइटवर टाकावा लागतो. तरी हे शहर बुडालंच, ते मी विसरत नाही. पण किती बुडालं आणि कशात बुडालं ते आमच्या गल्लीतला बसड्रायव्हर पण आकड्यांसकट सांगतो. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, महाराष्ट्राचा तर २००२ लाच झाला होता, देशाच्याही आधी. १० रुपयांत अर्ज होतो. पण आमच्या गावात अर्ज टाकला की पहिला प्रश्न, हा कुणाचा माणूस आहे? नगरसेवक आप्पांचा जुना विद्यार्थी, इंजिनिअर आईच्या मावसभावाचा जावई, विचारलं की भाऊबंदकी. इथे विचारणं सोपं आहे कारण मी इथे कुणाची कुणी लागत नाही. हे पण खरं आहे आणि ते मला कधीकधी फार एकटं वाटतं.

शिवाय विचारायचं कुणाला? २०२५ मध्ये आमच्या नगरपालिकेवर प्रशासक होता. धुळे महापालिकेची मुदत डिसेंबर २०२३ ला संपली, तिथेही तेव्हा प्रशासकच होता. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. इथे पण सरकारने बुडालेल्या कौन्सिलवर कमिशनर बसवले, पण १०१ नगरसेवक आहेत ते आहेतच, आणि त्यांची निवडणूक २०२६ च्या मे महिन्यात, ठरलेल्या वेळीच ठेवलेली.

त्यात मला मत आहे. हो, भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथे पार्लमेंटचं सुद्धा मत असतं. २०२४ ला ४ जुलैला मी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन पासपोर्ट दाखवला आणि पेन्सिलने फुली मारून आले. बोटाला शाई नाही, मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आणि नोव्हेंबरात आपल्या विधानसभेला मत दिलं नाही, कारण परदेशात राहणाऱ्याला नाव नोंदवता येतं पण मत द्यायला गावातच यावं लागतं, तिकिटाचे पैसे कोण देणार? असं मी सगळ्यांना सांगते. नाव पण नोंदवलं नव्हतं, ते सांगत नाही.

परवा आप्पांचा फोन आला. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच मनावर घेतलं. तारेवरच्या सगळ्या पावत्या उतरवल्या, वहीत वृक्ष कराची बेरीज केली, सालवार, मास्तरी अक्षरात, आणि वही घेऊन नगरपालिकेत गेले. काउंटरवरच्या पोराला म्हणाले, हा पैसा कोणत्या झाडाला लागला ते मला बघायचंय. पोरगा उभाच राहिला म्हणे, आप्पांच्याच शाळेतला निघाला. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, गुरुजी, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी अकराला या.

सोमवारी अकरा म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. मी आप्पांना सांगितलंय, आत गेलात की फोन चालू करून खिशात ठेवा.