तुम्ही विचारलंत म्हणून: काटा अर्ध्यावर आणि गाडी आचके देते

किट कार म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी. ती बांधणारे एक प्रश्न हमखास विचारतात: पेट्रोलचा काटा अर्धी टाकी दाखवतो, तरी जोरात वळण घेतलं की इंजिन आचके देतं, पंप बदलू का? एवढ्यात नको. अशा गाडीत पंप स्वतःहून खराब झालेला क्वचितच सापडतो. दोष असतो तो पंपाची जागा, टाकीची आतली रचना आणि काट्याची जोडणी या तिघांत.

बोलतोय ते इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात बांधल्या जाणाऱ्या, १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाच्या दोन सीटच्या गाड्यांबद्दल. इंजिन फोर्ड झेटेकचं किंवा माझदा एमएक्स-५ चं, टाकी कुणाकडून ॲल्युमिनियमची बनवून घेतलेली, काटा तिसऱ्याच दुकानातला. कारखान्यातल्या गाडीत हे सगळं जुळवूनच येतं. इथे पत्रिका तुम्हाला जुळवायची असते.

सुरुवात मल्टिमीटरने करा, ड्रिलने नाही. टाकीतला सेंडर म्हणजे फ्लोटला, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याला, हाताने जोडलेला बदलता रेझिस्टन्स. काटा तोच वाचतो. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीच्या युरोपीय सेंडरचा रेझिस्टन्स रिकाम्याला सुमारे १० ओहम आणि भरलेल्याला १८० असतो. अमेरिकन पद्धतीत उलटं, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीत ० ते ९०. अमेरिकन सेंडर युरोपीय काट्याला जोडला तर गाडी चालेल तसा काटा वर चढतो. त्यात गंमत म्हणजे अर्ध्या टाकीला तो जवळजवळ बरोबर दाखवतो, म्हणून अर्धी टाकी ठेवून घेतलेली चाचणी फसवते. ० ते ९० चा सेंडर त्याच काट्याला लावला तर टाकी काठोकाठ भरली तरी काटा अर्ध्याच्या पुढे फारसा सरकत नाही. उलटी दिशा रेझिस्टर लावून सुलटी होत नाही. जोडीचा सेंडर घ्या किंवा मधे कन्व्हर्टर बसवा. जुन्या थाटाच्या हौसेने स्मिथ्स कंपनीचा बायमेटल काटा (तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणारा) लावणाऱ्यांनी व्होल्टेज १० वर स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर विसरू नये. थेट बॅटरीवर तो काटा कायम चढाच दाखवतो.

आता सेंडरचा हात. टाकी २०० मिमी खोल असेल तर त्याची खीळ, म्हणजे हात जिच्याभोवती फिरतो ती, बरोबर १०० मिमीवर आली पाहिजे. फ्लोटची त्रिज्या १२ मिमी आणि वर ३ मिमी मोकळीक धरली तर वर-खाली ८५ मिमी हालचाल उरते. हात ४५ अंश वर आणि ४५ अंश खाली फिरणारा असेल तर त्याची लांबी १२० मिमी. सेंडर टाकीवर बसवायच्या चकतीची, म्हणजे फ्लॅंजची, पाच भोकं समान अंतरावर नसतात, त्यामुळे सेंडर एकाच दिशेने बसतो. हात कुठे वळणार ते आधी पुठ्ठ्यावर काढून बघा, नाहीतर तो नेमका आतल्या आडव्या पत्र्यावर, म्हणजे बॅफलवर, आपटेल. जागा शक्यतो टाकीच्या रुंदीच्या मध्यावर निवडा. वळणात कडेचं पेट्रोल सर्वांत जास्त वर-खाली होतं. टाकीत सेफ्टी फोम, म्हणजे पेट्रोल उसळू न देणारा स्पंज, भरणार असाल तर हाताचा सेंडर चालणारच नाही, ज्याचा फ्लोट नळीच्या आत सरकतो तो घ्या.

भोक पाडायचं ते कोऱ्या टाकीला. पेट्रोल भरून झालेली टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ ठिणगीने पेटते. तिच्याजवळ ड्रिल नेऊ नका. गॅस्केट पेट्रोलला टिकणारंच हवं, कारण साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. स्क्रू आरपार जात असतील तर गळती त्यांच्या आट्यांतूनही होते, तेव्हा खाली रबर जोडलेले सीलिंग वायसर घाला. गाडीत बसवण्याआधी टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. अर्ध्या भरलेल्या टाकीत वरच्या फ्लॅंजची परीक्षा होतच नाही.

पंपाचं मुख्य तत्त्व एकच: तो ढकलायला चांगला, ओढायला वाईट. बाहेर बसणारा इंजेक्शनचा पंप टाकीच्या तळाच्या पातळीखाली आणि जितका जवळ जमेल तितका जवळ लावा. ओढण्याच्या बाजूची नळी जाड, १२ मिमीची. तिथला फिल्टर मोठ्या छिद्रांचा. बारीक फिल्टर पंपानंतर. बारीक फिल्टर आधी लावला की पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, गरम पेट्रोलची वाफ होते आणि पंप किंचाळू लागतो. सायलेन्सर ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला पंप बसवा, रबरी माउंटवर.

दाबात गफलत करू नका. वेबर कार्बोरेटरला ०.२ ते ०.२५ बार पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ ते ३.५ लागतो. प्रवाह मोजायचा तर रिटर्न नळी (इंजिनाकडून जादा पेट्रोल परत आणणारी) मापाच्या कॅनमध्ये सोडून पंप ३० सेकंद चालवा: १ लीटर आलं तर ताशी १२० लीटर. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरातही ताशी ४० च्या आसपास पुरतं. तेव्हा ‘मोठा पंप घेतो’ हा उपाय बहुतेक वेळा पैसे वाया घालवणारा.

मग आचके का? डावीकडे वळताना पेट्रोल उजव्या भिंतीला लागतं, आणि ओढनळी डावीकडे असेल तर ती हवा खेचते. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, त्यामुळे तिथे हे झाकलं जातं. इंजेक्शनमध्ये दाब लगेच कोसळतो. एकाच बाजूच्या वळणाला त्रास होत असेल तर कारण हेच. सरळ रस्त्यावर उन्हात त्रास होत असेल तर ओढण्याच्या बाजूचा अडथळा शोधा. पहिल्यावर उपाय बॅफल, नाहीतर लीटर-दीड लीटरचा स्वर्ल पॉट, म्हणजे टाकी आणि इंजिनाच्या मधलं छोटं भांडं: कमी दाबाचा पंप तो भरत राहतो, जास्त दाबाचा त्याच्या तळातून घेतो, इंजिनाकडचं रिटर्न त्यातच येतं आणि जादा पेट्रोल वरून टाकीत जातं. ही वरची नळी बारीक ठेवली तर पॉटमध्ये दाब साठतो.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉलला जुने रबरी होस टिकत नाहीत. इंजेक्शनला एसएई जे३० या मानकातला आर९ किंवा त्यावरचा होस घ्या, पट्ट्याला छिद्रं नसलेल्या क्लिपांसह. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र आर१० हवा. आर९ बाहेरून पेट्रोल सोसत नाही. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या आयव्हीए तपासणीत गळती आणि घासणाऱ्या नळ्या बघतातच.

वायरिंगमध्ये पंपाला रिले, फ्यूज आणि धडक बसल्यावर तोडणारा इनर्शिया स्विच लागतोच. पण माझा खरा आग्रह अर्थिंगचा आहे. रबरावर बसवलेल्या टाकीला आपोआप अर्थ मिळत नाही, म्हणून सेंडरला स्वतंत्र अर्थ वायर द्या, पंपाच्या वायरशी न जोडता. सामायिक वायरीत ०.१ ओहमचा सांधा असला आणि पंप ६ अँपिअर घेत असला, तर ०.६ व्होल्टची चूक काट्यात उतरते. पंप सुरू झाला की काटा हलतो. मग लोक सेंडर बदलत बसतात.

काटा तपासायचा तर सेंडरची वायर काढून अर्थला लावा. १० ते १८० च्या काट्याने रिकामं दाखवलं पाहिजे, वायर मोकळी सोडली तर भरलेल्याच्याही पुढे गेलं पाहिजे. हे झालं की गाडी सपाट जागी उभी करून टाकीत ५-५ लीटर ओता आणि दर वेळी ओहम लिहून घ्या. निमुळत्या टाकीत अर्धा काटा म्हणजे अर्धं पेट्रोल नसतंच. शेवटी सेंडरचा हात एवढा वाकवा की ५ लीटर उरलेलं असतानाच काटा रिकामं दाखवेल. इथे बाइकसारखी रिझर्व्हची चावी नाही, आणि टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो.