शुक्रवारची कापणी

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर रस्त्यावर केळीच्या एका पॅकहाऊसमध्ये मी माल बघतो. कागदावर हुद्दा क्वालिटी सुपरवायझरचा. काम म्हणाल तर घडाची जाडी मोजायची, डागी फणी बाजूला काढायची आणि बाग आज कापायची की परवा, ते शेतकऱ्याला सांगायचं. या तिसऱ्या कामानेच माझा घात केला.

13 जून 2025, शुक्रवार. पहाटे साडेपाचला आप्पांच्या बागेत कापणी लागली. पाच हजार झाडं, ठिबकवरची नवती, म्हणजे नव्या लागवडीची पहिली केळी, घड एकेक असा की दोन्ही हातांनी धरावा लागतो. खरं तर ही कापणी बुधवारीच झाली असती. दिल्लीला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची कापणीची टोळी बांधावर येऊन उभी होती आणि भावही वाईट नव्हता. मीच तिथं गेलो, मधल्या फणीला जाडी मोजायचा कॅलिपर लावला आणि म्हणालो, "आप्पा, दोन दिवस थांबा. जाडी भरू द्या, एक्स्पोर्टमध्ये घेतो." आप्पांनी टोळी परत पाठवली. लिहिणं नाही, सही नाही. आमच्याकडं बाग शब्दावर ठरते आणि बहुतेक वेळा शब्द पाळलाही जातो.

हा माल कसा हाताळतात ते एकदा बघण्यासारखं आहे. माझ्या लहानपणी घड कापला की खांद्यावरून थेट ट्रकमध्ये पडायचा. वर पाला, त्यावर पुन्हा घड. दिल्लीला पोचेपर्यंत साल काळी पडायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता माणसाच्या खांद्यावर फोमची उशी असते, ट्रॉलीत गादी असते. पॅकहाऊसमध्ये घड दोरीला टांगला जातो, वाकड्या सुरीने एकेक फणी सुटते, टाकीत धुतली जाते, पुढच्या टाकीत तुरटीच्या पाण्यात चीक थांबतो. मग पंखा, वजन, पिशवी, 13 किलोचा खोका आणि खोका थेट शीतगृहात. तिथं साधारण 13 अंश. त्याखाली गेलं तर साल करडी पडते, वर गेलं तर फळ वाटेतच पिकायला लागतं. पश्चिम बंगालची पोरं हे काम इतक्या हलक्या हाताने करतात की पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी सुईण आठवली. आमच्या गावच्या बायकाही आता तशाच तरबेज झाल्यात. हे शिकवलं बाहेरच्या गिऱ्हाइकाने. देशातल्या व्यापाऱ्याने पन्नास वर्षांत कधी सालीवरच्या ओरखड्याबद्दल हटकलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्याकडं तीन ठिकाणी माल होता. एक कंटेनर भरून, सील लावून आवारात उभा, तो थंड ठेवणारा डिझेलचा जनसेट घुर्र करत चालू. त्यात साधारण वीस टन. दुसऱ्या कंटेनरचे खोके शीतगृहात. आणि आप्पांच्या बागेतून कापलेले सव्वादोनशे घड ट्रॉल्यांमध्ये, गेटबाहेर. सगळा माल न्हावा-शेवाला जाऊन जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला उतरायचा होता.

साडेआठच्या सुमारास चहावाल्या पोराने मोबाइल पुढं केला. इस्रायलने पहाटे इराणवर हल्ला केला होता. मी बातमी वाचली आणि पुन्हा वजनकाट्याकडं वळलो. खरं सांगतो, तेव्हा डोक्यात काहीच आलं नाही. तेहरान कुठं आणि आमचं सावदा कुठं!

दहाला वाशीहून मालकांचा फोन. "सीलवाली गाडी सोडू नको. पुढं काही भरू नको."

"बाहेर ट्रॉल्या उभ्या आहेत."

"काट्यावर घेतल्या?"

"नाही अजून."

"मग घेऊ नको."

'काट्यावर घेतल्या?' या दोन शब्दांचा अर्थ या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माल काट्यावर चढला, पावती फाटली, की तो कंपनीचा. तोवर शेतकऱ्याचा. कंटेनर आणि शीतगृहातला माल कंपनीच्या गळ्यात होता. गेटबाहेरच्या ट्रॉल्या आप्पांच्या. मधे फक्त काटा. पावतीपुस्तक माझ्या खिशात होतं.

मी पावती फाडली नाही. मालकाने सांगितलं म्हणून, आणि बायकोचं बाळंतपण तोंडावर होतं म्हणून. दुसरं कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आप्पा ट्रॉलीच्या सावलीत टोपीने वारा घेत बसले होते. मला बघून उठले. "काहून रे भो, माल काहून घेत नाही?"

मी सांगितलं. लढाई, इराण, जहाज, विमा, पैसे अडकायची भीती. मी बोलत होतो आणि ते घडांकडं बघत होते. जूनचं ऊन, पाऊस अजून नाही. कापलेल्या दांड्यातून चीक ठिबकून गादीवर काळे डाग पडत होते. मग त्यांनी विचारलं, "आपल्या बागेतली ठिबकची नळी कुठली? इस्रायलवाल्यांचीच अक्कल ना ती?"

"हो."

"आन् केळी इराणवाले खातात."

"हो."

ते हसले नाहीत. मलाही काही सुचलं नाही. पण गेल्या वर्षभरात जागतिकीकरणावर जेवढं काही ऐकलं-वाचलं, त्यात इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. आधुनिक ठिबक इस्रायलमध्ये घडलं, आपल्याकडच्या कंपन्यांनी ते इथं रुजवलं. प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपं आली, जुनी बसराई जात मागं पडून ग्रँड नैन बांधाबांधावर लागली. त्या नळीच्या पाण्यावर वाढलेला घड आखातात जातो, म्हणून पिढ्यानपिढ्या मंदीत रडणाऱ्या भागात सिमेंटची घरं उभी राहिली, पोरी पुण्याला शिकायला गेल्या. आणि एके सकाळी नळीवाला खाणाऱ्यावर विमानं घेऊन गेला.

दुपारी मी फोनवर फोन लावले. दिल्लीच्या व्यापाऱ्याने बुधवारच्या टोळीची आठवण करून दिली, मग म्हणाला, गाडी नाही. जळगावच्या एकाला आणखी दोन पॅकहाऊसचे फोन आधीच येऊन गेले होते. गरज दिसली की भाव पडतो, त्यात त्याचाही काही दोष नाही. शेवटी भुसावळच्या एका पिकवणीवाल्याने ट्रॉल्या उचलल्या, वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या हलक्या मालाच्या भावात. एक्स्पोर्टला निवडलेली नवती आणि वापसीचा भाव! बागेतल्या उरलेल्या झाडांवरचे घड तसेच राहिले. तेवढं बरं झालं, की कापणी सकाळीच थांबवता आली.

संध्याकाळी शीतगृहातले खोके उघडायला बायका बसल्या, कारण देशी व्यापारी खोक्याचे पैसे देत नाही आणि परदेशी छाप बघितला की उलट शंका घेतो. प्रत्येक फणीवरचं छोटं स्टिकर नखाने उकलायचं. सकाळी याच हातांनी ती लावली होती. एका मावशीने उकललेली स्टिकरं नातवासाठी म्हणून पदराच्या टोकाला चिकटवून नेली.

रात्री आवारात बसलो होतो. जनसेट चालूच. बंगालचा एक पोरगा शेजारी येऊन विचारू लागला, उद्या हजेरी लागेल का. मला माहीत नव्हतं. त्यांची मजुरी खोक्यावर असते, खोका नाही तर काही नाही. त्याच्या गावीही त्या रात्री कुणीतरी इराणची बातमी वेगळ्याच कारणाने बघितली असेल.

कॉलेजात असताना इतिहासाच्या सरांनी सांगितलेलं एक आठवलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला. जळगाव तेव्हा कापसाची मोठी पेठ बनलं. 1865 ला लढाई थांबली, भाव एकदम कोसळले आणि जळगावच्या व्यापाराला जबर मार बसला. म्हणजे खान्देशला दुसऱ्यांच्या लढाईने तारलंही आहे आणि त्यांच्या तहाने बुडवलंही आहे. सर हे गंमत म्हणून सांगायचे.

पुढचं थोडक्यात सांगतो. सीलवाला कंटेनर मालकांनी चार दिवसांनी ओमानच्या गिऱ्हाइकाला वळवला, भाव पाडून. 24 जूनला युद्धबंदी झाली. त्यानंतर मालकांचा फोन आला, "बागा बघायला लाग." तोवर आप्पांनी उरलेला माल दिल्लीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला होता, तो दरही बुधवारच्या खालीच होता. ट्रॉल्यांमधल्या तोट्याचा विषय मी मालकांकडं दोनदा काढला. त्यांचं उत्तर सरळ होतं: काट्यावर नव्हता माल.

जुलैत आप्पांकडं गेलो तर ओसरीवर आमचेच रिकामे खोके, त्यात कांदे भरलेले. काकूंनी चहा दिला. आप्पा मृगबागेची रोपं लावत होते. मला वाटलं होतं आता कापूस घेतील, निदान निम्मं रान तरी. "कापूस कुठं जातो?" त्यांनीच विचारलं. "तो बी तिकडंच जातो ना." मग खिशातून वहीचा एक दुमडलेला कागद काढला. शाळेतल्या नातीकडून लिहून घेतला होता. बाग एकदा ठरली, तारीख दिली, घड कापला, की काटा होवो न होवो, माल घेणाऱ्याचा. खाली दोन सह्यांची जागा, एक त्यांची झालेली.

"शब्द तुझा चांगला हाय," ते म्हणाले. "पण मालक वाशीले बसतो."

कागद मी घेतला. सध्या तो कॅलिपरच्या डबीत आहे. मालकांपुढं अजून ठेवलेला नाही.