हरा, पण मुंबईत हरा

"संघ एवढा हरतो, तरी तुम्ही जाताच. मग संघाने तुमच्यासाठी करावं तरी काय?" माझ्या कबड्डीच्या आणि क्रिकेटच्या वेडापायी हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

जिंकूनच दाखवा, असा आमचा हट्ट कधीच नव्हता. मुंबई इंडियन्स २०२२ मध्ये पहिले आठ सामने ओळीने हरले आणि तळाला राहिले. २०२४ मध्ये पुन्हा तळाला. तरी त्या मोसमात चर्चगेटला उतरून वानखेडेकडे निघालेली निळी गर्दी काही आटली नाही. पाच वेळा आयपीएल जिंकलेल्या संघाचेही दिवस फिरतात, एवढं क्रिकेट या शहराला कळतं.

लागलं ते वेगळंच. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितच्या जागी हार्दिक कर्णधार झाल्याचं आम्हाला मोबाइलवर आलेल्या निवेदनातून समजलं. पुढे १ एप्रिलला राजस्थानविरुद्धच्या नाणेफेकीला वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली, इतकी की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. एकट्या खेळाडूवर राग काढणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण इतक्या वर्षांच्या चाहत्यांना आधी विश्वासात घेतलं असतं, तर तो राग एवढा चढला नसता असं मला मनापासून वाटतं. लोक डूख धरून बसत नाहीत. विश्वचषक जिंकून भारतीय संघ ४ जुलैला मुंबईत आला, तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला.

माझा खरा जीव मात्र यू मुंबात, प्रो कबड्डी लीगमधल्या मुंबईच्या संघात. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या मंडळांत कबड्डी बघत मोठं झालेल्यांना हा संघ आपला वाटला, कारण तो पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत गेला आणि २०१५ मध्ये जिंकलाही. त्यानंतर विजेतेपद नाही. ठीक आहे. वरळीच्या डोममध्ये एकदा आमचा संघ शेवटच्या चढाईला हरला. खेळाडू आत निघून गेले, पण कोपऱ्यातला बचावपटू गुडघ्याला बर्फ बांधून परत आला आणि रेलिंगपाशी थांबला. माझ्या शेजारच्या, जुने खेळाडू असलेल्या काकांनी त्याला सांगितलं, "घोटा धरायला अर्धं पाऊल उशिरा वाकलास बघ." परप्रांतातला पोरगा तो. त्याने तिथल्या तिथे वाकून दाखवलं आणि विचारलं, "असं, काका?" काकांनी त्याचा खांदा धरून कोन बदलून दिला. त्या रात्री हरल्याची चर्चा कुणी केली नाही, सगळी त्या अर्ध्या पावलाची!

आता तेही नाही. जानेवारी २०२४ नंतर मुंबईत प्रो कबड्डीचे सामनेच झाले नाहीत. २०२४ चा पुढचा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. शहरं लीग ठरवते, हे मला मान्य आहे. पण ज्या संघाच्या नावातच मुंबई आहे, त्याने आपल्या माणसांसाठी भांडायला नको? टीव्हीवर हरलेला संघ परका होत जातो. समोर हरला तर निदान त्याला चार शब्द सुनावता येतात, पाठीवर हातही ठेवता येतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये इंग्लंडमधला विगन हा फुटबॉल संघ टॉटनहॅमकडून ९-१ असा हरला. तिथवर प्रवास करून आलेल्या आपल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे विगनच्या खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून परत केले. मला पैसे नकोत. पण कुणीतरी कामावरून लवकर सुटून, गाडी बदलून आपल्यासाठी आलं होतं, हे त्यांच्या ध्यानात राहिलं, त्याची किंमत मोठी आहे.

उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी हा फुटबॉल संघ २०१७ मध्ये आय-लीगच्या तळाला गेला आणि मग संघच बंद झाला. त्याच्यामागे पिवळे झेंडे घेऊन फिरणाऱ्या पोरांनी काय करायचं? दुसरा संघ धरा, असं सांगणं सोपं असतं.

म्हणून यू मुंबाच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच आहे. हंगामातले सामने कुठेही असोत, तो सुरू होण्याआधी चार दिवस सराव परळ-प्रभादेवीच्या मैदानावर ठेवा, उघडा, संध्याकाळी, पोरांच्या शाळा सुटल्यावर. गेल्या वेळी कुठे कमी पडलो ते प्रशिक्षकांनी आमच्यासमोर सांगावं, आणि आमचंही ऐकावं. तिकीट लावायचं तर लावा. मॅट अंथरायला मंडळाची पोरं येतील.