व्रण नसलेलं पोट

बुधवार रात्र, पुणे

वय ऐंशीच्या पुढे, पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या, वारा सरत नाही: म्हणजे आतडं कुठेतरी अडलंय. बेंबीला हिंग, मग एरंडेल, मग एनिमा, असं सगळं घरी होऊन गेलेलं. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण मात्र नाही. अशा केसपेपरवर 'अ‍ॅडहिजन्स (आतडी चिकटलेली) असतील, वाट बघू' हे वाक्य दिसलं की चिडायला होतं. पोट कधी उघडलेलंच नाही, तर आतडी चिकटण्याची शक्यता तुलनेने कमी. इथे वाट न बघता कारण शोधायचं.

आधी जांघ. ती उघडी करून बघितली पाहिजे. संकोच आजींना असतो, तितकाच तपासणाऱ्यालाही, आणि फिमोरल हर्नियाची (जांघेच्या घडीखाली येतो तो) सुपारीएवढी गाठ तिथेच राहून जाते. ऑब्ट्युरेटर हर्नियाची (कमरेच्या हाडातल्या छिद्रात आतडं शिरतं तो) तर गाठही बाहेर दिसत नाही. शनिवार पेठेतल्या वाड्यात चाळीसेक किलो वजनाच्या, चार बाळंतपणं झालेल्या कृश आजी डोळ्यांसमोर आणा. वजन घटलं की त्या छिद्रातली चरबी जाते आणि आतड्याला वाट मिळते. तिथली नस दबते, मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जाते, आणि घरचे संधिवाताचं मलम चोळत बसतात. पाय मागे ताणून आत वळवला की कळ वाढते, मांडी पोटाशी घेतली की कमी होते. पण ही खूण बऱ्याच जणांत सापडत नाही, म्हणून नसली तरी निश्चिंत होऊ नये. कधी आतड्याची एकच कड अडकते. मग थोडी शी होत राहते आणि सगळे फसतात.

निदान सीटीवर होतं, पण काप जांघेच्या खालपर्यंत घेतले तरच. फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' न लिहिता 'ऑब्ट्युरेटर हर्निया?' असं लिहावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलंय म्हणून सीटीच टाळू नये: साध्या सीटीतही हर्निया आणि फुगलेलं आतडं दिसतं, रक्तपुरवठा बघायला मात्र कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य) लागतो. आधी रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) टाकून पोट रिकामं करावं, नाहीतर टेबलावर आडवं केल्यावर उलटी फुप्फुसात जाते.

दुसरा लपंडाव पित्ताच्या खड्याचा. साधारण अडीच सेंटिमीटरहून मोठा खडा पित्ताशयातून थेट आतड्यात उतरतो आणि बहुधा लहान आतड्याच्या शेवटी अडतो. वाटेत अडकत-सुटत जातो, म्हणून दुखणं मधेच थांबतं आणि 'गॅसच होता' म्हणून घरी पाठवणी होते. पित्तनलिकांत हवा दिसणं ही याची खूण, पण पूर्वी ईआरसीपी (पित्तनलिकेची दुर्बिणीतून तपासणी-उपचार) झाली होती का, हे विचारावं. तेव्हाही ती दिसते. खडा काढताना त्याला सपाट पैलू असतील तर दुसराही असू शकतो, सगळं आतडं चाचपून घ्यावं.

दात नसलेल्या माणसाला संत्र्याच्या फोडी न चावता गिळायची सवय आहे का, इसबगोल घोटभर पाण्यातच घेतला का, हेही विचारायचं. तो चोथा सीटीवर मळासारखा हवेचे ठिपके असलेला दिसतो, पण लहान आतड्यात, आणि त्याच्या पुढचं आतडं मिटलेलं. आतड्याच्या क्षयाची गाठ आणि उजवीकडच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र चित्रावरून वेगळे करण्याच्या फंदात पडू नये, बायोप्सी घ्यावी.

लॅक्टेट (रक्तपुरवठा तुटल्यावर रक्तात वाढणारा घटक) नॉर्मल आलं म्हणून सकाळपर्यंत थांबणं चूक. पिळलेल्या किंवा अडकलेल्या आतड्यात ते सुरुवातीला नॉर्मलच असू शकतं. पोट कडक होत असेल, नाडी वाढत असेल, तर रात्रीच सर्जनला उठवावं.